लाभ, दोन, तीन

लाभ.

असं म्हणून म्हातारीने पहिलं माप माझ्या पिशवीत ओतलं. मग म्हणाली, दोन. मग तीन, आणि तीनला माझा डावा हात सुटला. पिशवीचा एक बंद खाली आला आणि कडवे वाल पेणच्या बाजारातल्या ओल्या रस्त्यावर पसरले. "हातात जीव नाय का गो?" म्हातारी म्हणाली, "चांगली तरणी बाय तू." मी खाली बसून वाल वेचायला लागले. एका स्कूटरवाल्याने हॉर्न वाजवला, दोनदा वाजवला, आणि मी वेचतच राहिले, एकेक दाणा, जणू मोजून परत द्यायचे होते कुणाला. डावा हात थरथरत नव्हता. तेच वाईट होतं. थरथरला असता तर काही कारण सांगता आलं असतं, उपाशी आहे, झोप नाही, साखर कमी झाली. हात अगदी शांत होता आणि त्याने आपणहून पकड सोडली होती. तीन म्हटल्यावर.

तेवढ्यात फोन वाजला. प्रणिता, माझ्या विभागातली ज्युनिअर नर्स. "नम्रता सिस्टर, चार नंबरला आज प्रोन करायचंय. सर म्हणाले, तुमची ड्युटी दोनला सुरू होते ना, मग अडीचला. डोक्याकडे तुम्हीच." मी म्हटलं, बरं. प्रोन म्हणजे पालथं घालणं. फोन ठेवून मी म्हातारीला विचारलं, "आजी, पहिल्याला लाभ का म्हणता?" ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी विचारलंय की तुम्हाला नाव का आहे. "मग काय म्हनायचा?"

मग काय म्हणायचं. एक म्हणायचं. जगभर एक म्हणतात.

आमच्या खळ्यावर बाबा भात मोजायचे. भाताची रास, तिच्या पायथ्याशी नारळ, आणि बाबांच्या हातात अधोली, मोजायचं लाकडी माप. पहिली अधोली भरायची, काठावरून हात फिरवायचा, राशीसमोर क्षणभर धरायची आणि मग पोत्यात ओतायची, लाभ. पोत्याचं तोंड धरायला मी. "एक म्हटलं की संपायला सुरुवात होते," बाबा म्हणायचे, "लाभ म्हटलं की येतच राहतं." मी सात वर्षांची होते. शाळेतही बाई म्हणाल्या, आकडे म्हण, तर मी लाभ म्हणून सुरू केलं आणि सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी शाळेत एक म्हणते, दवाखान्यात एक म्हणते, गोळ्या मोजताना एक, नाडी मोजताना एक. पण कशाने तरी आत दचकले की, आणि हे मला पुष्कळ उशिरा कळलं, तोंडाच्या आधी जे मोजतं ते खळ्यावरचं मोजतं.

रामवाडीला, आमच्या दवाखान्याकडे जाणाऱ्या रिक्षात बसले तरी हात मांडीवर पालथा ठेवून त्याच्याकडे बघत होते. पालथा. बघा, शब्द कुठूनही येतो. पालथं घालण्यात तसं काही अवघड नाही. माणूस उताणा पडून राहिला की फुप्फुसांचा पाठीकडचा भाग दबतो. वर हृदयाचं ओझं, आत साठलेलं पाणी, रक्त. आणि फुप्फुस पाठीकडेच जास्त असतं. यंत्र हवा ढकलतं, पण हवा जाते पुढच्या बाजूला, जिथे रक्त कमी. रक्त जातं मागे, जिथे हवा नाही. दोघांची चुकामूक. माणसाला पालथं केलं की दबलेला भाग हळूहळू उघडतो. औषध नाही, सुई नाही, फक्त फिरवायचं. सोळा तास पालथं, मग पुन्हा उताणं. सोळा तासांत दर दोन तासांनी मान एका बाजूची दुसऱ्या बाजूला. पाच-सहा माणसं लागतात. एक डोक्याशी, दोन्ही बाजूंना खांद्याशी आणि कमरेशी, एक पायांशी. डोक्याशी जो उभा असतो तो मोजतो, कारण त्याच्या हातात नळी असते. घशातून श्वासनलिकेत गेलेली नळी, ओठांपाशी बावीसच्या खुणेवर चिकटपट्टीने बांधलेली. बावीस सेंटिमीटर. डाव्या हातात नळी आणि हनुवटी, उजव्या हातात डोक्याची मागची बाजू. एक, दोन, तीन, आणि तीनला सगळे एकदम. एकदम. हा शब्द भिंतीवरच्या कागदावर नाही. कागदावर पुष्कळ काही आहे. पापण्या मिटून चिकटपट्टी लावा. पोटातली नळी रिकामी करा. छातीवरच्या वायरी पाठीवर घ्या. एकदम फिरवा असं कुठेच नाही, कारण लिहिणाऱ्याला वाटलं असेल, ते काय सांगायचं.

रोह्याला सगळे एकदम फिरले नाहीत.

एकवीस साली. एका दवाखान्याचा वरचा मजला कोविडसाठी दिला होता आणि मी तिथे होते. दत्तात्रेय नावाचे गृहस्थ, घड्याळं दुरुस्त करायचे. नळी घालायच्या आधी त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि धापा टाकत म्हणाले, "काचांना हात लावू नका, डाग पडतात." मी दांड्या धरून तो ड्रॉवरमध्ये ठेवला. मग त्यांना झोपवलं, नळी घातली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पालथं घालायचं ठरलं. पीपीईच्या आत घाम डोळ्यांत उतरत होता. पहिल्यांदाच मी डोक्याशी होते, कारण ज्यांनी उभं राहायचं ते डॉक्टर स्वतःच तापाने घरी. उजवीकडे दोघं, डावीकडे दोघी, पायांशी एक. डाव्या बाजूला कमरेपाशी मालूताई, वॉर्डातली मावशी, गागोद्याची. मी म्हटलं, मी तीन म्हणेन तेव्हा. सगळ्यांनी माना हलवल्या. आणि मी मोजलं.

लाभ, दोन, तीन.

नाही. असं लिहिलं की वाटतं, मला म्हणताना कळलं. मला कळलं नाही. मी तीन म्हटलं आणि डोकं फिरवलं. कंबर फिरली. खांदे फिरले नाहीत. खांद्यापाशी जे उभे होते ते रोहा शहरातले. त्यांच्या दृष्टीने मोजणं सुरूच झालेलं नव्हतं. सिस्टर काहीतरी बोलली, मग दोन म्हणाली, म्हणजे चुकली, आता पुन्हा एकपासून म्हणेल, असं वाटून ते थांबले. माणूस पिळलेल्या कापडासारखा मध्येच अडकला आणि माझ्या डाव्या हातातून नळी निसटत वर आली. बावीस, वीस, सतरा. यंत्र ओरडायला लागलं. परत उताणं, परत नळी, त्यात अकरा मिनिटं. अकरा मिनिटं म्हणजे किती, ते तेव्हा ज्याने यंत्रावरचा आकडा बघितलाय त्यालाच कळेल. दत्तात्रेय तिसऱ्या दिवशी गेले. नोंदीत लिहिलं, स्थिती बदलताना नळी सरकली, पुन्हा घातली. खरंच आहे. सगळे म्हणाले, ते तसेही गेले असते. कदाचित. त्यांची मुलगी समीक्षा आली तेव्हा मी चष्मा दांड्यांना धरून तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "थँक्यू सिस्टर, तुम्ही खूप केलंत." माझ्या फोनमध्ये तिचा नंबर आहे. समीक्षा रोहा. पाच वर्षांत तीन फोन बदलले, नंबर प्रत्येकात आला.

माझ्या तोंडून काय निघालं ते खांद्यापाशी उभ्या असलेल्यांना कळलंच नाही. नंतर एकाने विचारलंसुद्धा, सिस्टर तुम्ही सुरुवातीला काय म्हणालात? मी म्हटलं, काही नाही. पण मालूताई. ती भाताच्या गावातली. तिच्याही घरी असंच मोजत असणार. म्हणजे त्या मजल्यावर माझी चूक नेमकी काय होती हे जाणणारी ती एकटीच. आठ महिन्यांनी मी पेणला आले, पुढच्या वर्षी तीही इथेच आली. त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. चार वाजता माझ्यासाठी चहा आणते, बिनसाखरेचा, न सांगता. आणि पालथं घालायचं असेल तेव्हा, हे मी पहिल्या खेपेलाच हेरलं, सरळ पायांशी जाऊन उभी राहते. कमरेपाशी जागा असली तरी. एकदा डॉक्टर म्हणाले, मालूताई, कंबर धरा, तुमच्या हातात जोर आहे. तर म्हणाली, "नाय साहेब, मी हितंच बरी." म्हणजे माझ्या मोजण्यापासून जितकं लांब राहता येईल तितकं. इतकी वर्षं एक बाई माझ्या हाताखाली काम करते आणि रोज मला न बोलता सांगते की तिला ठाऊक आहे. त्यानंतर मी चौदा माणसं पालथी घातली. प्रत्येक वेळी आधी तोंडातल्या तोंडात एक, एक, एक, असं घोकत. हात सुटला नव्हता कधी. आजपर्यंत.

आयसीयूच्या दारापाशी इंदुबाई बसली होती, चार नंबरच्या जगनची बायको. खाडीकडची. शेतात खाडीचं पाणी शिरू नये म्हणून घातलेला बांध फुटला होता, तो बुजवायला जगन दोन दिवस चिखलात उभा होता. मग ताप, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल, मग पिवळे. लेप्टो, चिखलपाण्यातून होणारा. चौथ्या दिवशी थुंकीत रक्त, सहाव्या दिवशी नळी. आज नववा. यंत्रातून शंभर टक्के ऑक्सिजन देऊनही रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा चौऱ्याऐंशी. मी तिला समजावलं, पाठीकडचा भाग दबलाय, पालथं घातलं तर उघडेल. घातलं नाही तर फार वेळ नाही. घालतानाही धोका आहे. धोका म्हणताना मी माझ्या हाताकडे बघितलं नाही.

"पालथाच झोपतो तो घरान," इंदुबाई म्हणाली.

"पालथा?"

"मंग! उताना झोपला का घोरतो, शेजारची उठतान. मीच कोपर मारून फिरवतंय त्याला. वीस वरसं झाली." ती हसली आणि हसतानाच तोंडाला पदर लावला. "तुमाला किती जना लागतान?"

"सहा."

"सहा! आनि मी एकटी करतंय, अर्ध्या झोपेत." मग एकदम माझं मनगट धरलं तिने. डावंच. "सिस्टर, डावा हात वर नका करू त्याचा. बांधावरनं पडला व्हता, खांदा निखळलेला हाय. वर केला का सुटतो. मी फिरवतंय तवा तो हात आंगाखाली ठेवतंय."

हे कागदावर नव्हतं. केसपेपरवर नव्हतं. मी तिला सहीची जागा दाखवली आणि तिने नाव लिहिलं, सावकाश. पेन परत देताना म्हणाली, "तुमीच करनार ना? मंग ठीक." मला वाटलं, हिला सांगावं. बाई, दुसरं कुणी बघा. माझा हात आज सकाळी तीनला सुटलाय. पण दुसरं कुणी म्हणजे कोण? डॉक्टर ऋत्विक, हुशार आहेत, सहा महिने झाले येऊन, फिरवलेली माणसं चार. प्रणिता, एकही नाही. माझ्याहून जास्त वेळा डोक्याशी कुणीच उभं राहिलेलं नाही, आणि माझ्याइतकं कुणी घाबरलेलंही नाही, आणि या दोन्ही गोष्टी एकाच बाईत आहेत.

अडीच वाजले. जगनचे डोळे मिटवून पट्ट्या लावल्या. ओठांपाशी खूण बघितली, बावीस. मी मोठ्याने म्हटलं बावीस, प्रणिताने लिहिलं बावीस. डॉक्टर ऋत्विक उजव्या खांद्याशी. उजव्या कमरेशी अक्षय, आमचा ब्रदर. डाव्या खांद्याशी प्रणिता. "डावा हात वर घ्यायचा नाही," मी सांगितलं, "खांदा निखळतो त्याचा. वर उजवा घ्यायचा." "हे कुठे लिहिलंय?" डॉक्टरांनी विचारलं. "बायको वीस वर्षं फिरवते त्याला," मी म्हटलं, आणि अक्षय हसला. डावी कंबर रिकामी. मालूताई पायांशी. लिनन खोलीतून आणखी एक मावशी येत होती, ती आली की ती कमरेशी. ती आली. सहा. जगनचं डोकं माझ्या हातात जड होतं, गरम, केसांत अजून कुठेतरी चिखलाचा वास असल्यासारखं वाटलं, नऊ दिवसांनी कसा असेल, पण वाटलं. डाव्या हातात नळी. नळीतून प्रत्येक श्वासाबरोबर हलकी थरथर येते, यंत्राची. जणू माणूस काही सांगायच्या बेतात आहे.

"मी तीन म्हणेन तेव्हा," मी म्हटलं.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी तोंड उघडलं. एक. एक म्हणायचं आहे. एक हा शब्द मला माहीत आहे. पण जीभ वर गेली, टाळूला, आणि तिथे तिने धरला तो लाभमधला ल. मी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. आकडा चौऱ्याऐंशी, त्र्याऐंशी. "सिस्टर?" डॉक्टर म्हणाले. पायांशी मालूताई खाली बघत होती, दोन्ही हातांत जगनच्या टाचा, अशा धरलेल्या, जसे धुऊन ठेवलेले पेले धरतात.

"थांबा," मी म्हटलं. "हात काढू नका कुणी, फक्त ऐका. मी रोह्याला एकदा चुकले. एकच्या जागी लाभ म्हणाले. आमच्याकडे भात मोजताना तसं म्हणतात. दोघं हलले, बाकीचे थांबले. नळी निघाली. तो माणूस तिसऱ्या दिवशी गेला." किती थोडी वाक्यं होती. पाच वर्षं मी त्यांच्याभोवती किती मोठं घर बांधून राहत होते. "आता पुन्हा तेच तोंडात येतंय. मालूताईंना माहीत आहे. त्या होत्या तिथे."

यंत्र बोलत होतं. मग मालूताई म्हणाली, "तुमी लाभ म्हनलात?"

मी तिच्याकडे बघितलं.

"त्या दिवशी. लाभ म्हनलात?"

"तुम्ही ऐकलं होतं ना."

"मी बरोबरच ऐकलं असंल. लाभ, दोन, तीन. मला त्यात काय वायलं वाटलंच नाय." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "मी कंबर फिरवली आनि बघतो तर कोनच हललं नाय. खांदंवाले दोघंबी तसंच हुबे. मला वाटलं मीच आधी वढला. माज्यामुलं गेला तो मास्तर."

"मास्तर नव्हते," मी म्हटलं, "घड्याळं दुरुस्त करायचे." काय बोलत होते मी.

"पाच वरसं कमरेला हात लावला नाय मी कुनाच्या."

त्र्याऐंशी. डॉक्टर ऋत्विकांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. ते माझ्यावर रागावतील, मला बाजूला करतील, असं मला वाटलं, आणि कुठेतरी तसं व्हावं असंही वाटलं. ते म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला काय म्हणायला सोपं जाईल?"

"लाभ," मी म्हटलं.

"मग लाभ. ऐकलं सगळ्यांनी? लाभ म्हणजे एक. अक्षय?"

"लाभ म्हणजे एक," अक्षय म्हणाला. प्रणिताही म्हणाली. लिननवाली मावशी म्हणाली, आमच्यात पन तेच म्हनतात, त्यात काय.

"एकटी नाही म्हणणार मी," मी म्हटलं. "सगळ्यांनी मोठ्याने, माझ्याबरोबर. जो म्हणणार नाही त्याने हात लावू नये. आणि मालूताई, तुम्ही कमरेपाशी या."

ती लगेच हलली नाही. जगनच्या टाचा तिने आधी हळूच गादीवर टेकवल्या, दोन्ही, एकीजवळ एक. मग लिननवाली पायांशी गेली आणि मालूताई डाव्या बाजूला आली. तिने हात चादरीखाली घातले. बोटं मुठीत आवळली. सोडली. पुन्हा आवळली.

"लाभ," सहा जण म्हणाले. मराठी शाळेतल्या पहिलीच्या वर्गासारखे, आणि कुणी हसलं नाही.

"दोन."

माझा डावा हात. मी त्याला काही सांगितलं नाही.

"तीन."

खांदे, कंबर, डोकं, पाय, एकदम. चादरीतला माणूस एका अंगावर आला, थांबला, आम्ही पुन्हा मोजलं, आणि तो पालथा झाला. डावा हात अंगाखाली, इंदुबाई ठेवते तसा. उजवा वर, डोक्याशी. तोंड माझ्याकडे. मी खाली वाकले, ओठांपाशी बोट नेलं. "बावीस," मी म्हटलं. मग पुन्हा बघून पुन्हा म्हटलं, बावीस, आणि प्रणिताने दोनदा लिहिलं. आकडा मात्र खाली आला, ऐंशी, अठ्ठ्याहत्तर. अठ्ठ्याहत्तरवर तो थांबला आणि आम्ही सहाही जण त्याच्याकडे बघत उभे राहिलो. पाठ उघडी होती. भारे उचलून, माती वाहून वळ पडलेली रुंद पाठ. मधोमध कसलीतरी जुनी जखम, आठ आण्याएवढी. डॉक्टर म्हणाले, वेळ लागतो. एकोणऐंशी. मला समीक्षा आठवली. ती तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची असेल. तिला कुणी सांगितलं असतं, लाभ म्हणजे काय, तर? तिने काय केलं असतं? एकोणऐंशी. मालूताईचे हात अजून चादरीखालीच होते. "सोडा आता," मी म्हटलं. तिने सोडले नाहीत. ऐंशी. त्र्याऐंशी. सत्त्याऐंशीला डॉक्टरांनी श्वास सोडला, मास्क फुगला त्यांचा. तासाभराने ब्याण्णव.

बाहेर गेले तर इंदुबाई उभीच होती. मी म्हटलं, फिरवला, सध्या बरा आहे, उद्या सकाळी ड्युटी नसली तरी मी येईन, पुन्हा उताणा करू, तेव्हाही धोका आहेच. तिने एवढंच विचारलं, "डावा हात?" मी म्हटलं, अंगाखाली. ती खाली बसली आणि पाय पसरले तिने, इतक्या दिवसांत मी तिला पाय पसरलेलं बघितलं नव्हतं.

चहा चारला आला नाही. साडेचारला आला. मालूताईने पेला माझ्यासमोर ठेवला आणि जायच्या ऐवजी थांबली. "त्यांची मुलगी," मी म्हटलं, "समीक्षा. तिचा नंबर आहे माझ्याकडे." ती म्हणाली, "घर म्हाईत हाय मला. रोह्याला, नदीच्या अंगाला. मी दोनदा जाऊन आलो दारापर्यंत." मग, "बेल नाय वाजवली." चहावर साय धरत होती. "फोनवर नको," ती म्हणाली. मी म्हटलं, नको. दोघी जाऊ. तिने मान हलवली, आणि मग दोघींच्याही ध्यानात आलं की आज फक्त अर्धंच काम झालंय. "आधी उद्याचं फिरवू," ती म्हणाली.

साडेचारची मान बदलायची राहिली होती, चहाच्या नादात आठ मिनिटं उशीर. मान बदलायला डोक्याशी मी आणि खांद्याशी प्रणिता पुरतो. मी नळी धरली, डाव्या हाताने. मान उचलण्याआधी वर बघितलं तर मालूताई कमरेपाशी येऊन उभी होती, चादरीवर हात ठेवून.

"मानेला कंबर धरावी लागत नाही, मालूताई."

"असू दे," ती म्हणाली. "म्हना."